मदत हवी आहे: मिनीत मेट्रोचं १२७५ इंजिन

नमस्कार मंडळी. मुक्काम बर्मिंगहॅम. गाडी १९७९ ची मिनी १०००, इंजिन ९९८ सीसी. भंगारातल्या ऑस्टिन मेट्रोचं १२७५ सीसी इंजिन गिअरबॉक्ससकट स्वस्तात मिळालंय. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन उत्तम, पण ड्रेन प्लगच्या (तेल काढायच्या बुचाच्या) चुंबकाला लोखंडाचा जाड कीस चिकटलेला होता, म्हणून तो गिअरबॉक्स नको. माझा ठणठणीत आहे, तोच या इंजिनाला जोडणार. पुढचे ड्रम ब्रेक काढून आधी डिस्कच बसवणार, तिथे काटकसर नाही. ९९८ चा प्रायमरी गिअर (क्रँकवरचा, गिअरबॉक्सकडे ताकद नेणारा) १२७५ च्या क्रँकवर बसत नाही आणि आयडलर गिअरचा (मधल्या जोडगिअरचा) एंड फ्लोट, म्हणजे बाजूची ढिलाई, पुन्हा मोजायचा, एवढं कळलंय. मेट्रोचा क्लच व्हर्टो, म्हणजे नंतरच्या पद्धतीचा आहे, माझा जुन्या पद्धतीचा.

नवीन भाग कमीत कमी घ्यायचे तर फ्लायव्हील, क्लच आणि हाउसिंग मेट्रोचं ठेवावं की माझं?