ग्रंथालयातल्या पुस्तकांवर पालकांची हरकत: संमतीपत्र घ्यावं का, नोंद कुठं ठेवावी?

औसेकर:
लातूर जिल्ह्यातली अनुदानित शाळा, पाचवी ते दहावी. ग्रंथपाल नाही, कपाटाच्या किल्ल्या मराठीच्या सरांकडं. तीन पुस्तकांवर पालकांची हरकत आलीय. एका कादंबरीत जातीवरून शिव्या आहेत, दुसरं पुस्तक वयात येतानाच्या बदलांवर आणि तिसरं बुवाबाजीवर. काही पालक म्हणतात, पुस्तकं काढूनच टाका. काही म्हणतात, आमच्या लेकराला देऊ नका म्हणजे झालं. मुख्याध्यापकांच्या मनात आहे की सगळ्या पालकांकडून संमतीपत्र घ्यावं, सही आली तरच पुस्तक द्यावं. हे चालेल का? आणि शाळा व्यवस्थापन समितीनं ठराव केला तर पुस्तक काढता येतं का?

दाखल_क्रमांक:
सरसकट संमतीच्या भानगडीत पडू नका. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की निम्म्या गावाची लेकरं आजीकडं नाहीतर हंगामी वसतिगृहात असतात. सही कुणाची आणणार? फॉर्म मार्चपर्यंत दप्तरात चुरगळतो आणि ज्याच्या घरी कुणाचीच हरकत नाही त्या पोरालाही पुस्तक मिळत नाही. उलटं करा. जो पालक लिहून देईल त्याच्याच लेकराला ते पुस्तक नाही, बाकीच्यांना खुलं.

फॉर्म अर्ध्या पानाचा पुरे. विद्यार्थ्याचं नाव, इयत्ता-तुकडी, पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव, दाखल क्रमांक (प्रत्येक प्रतीला ग्रंथालयाच्या नोंदवहीत मिळालेला नंबर), सही, तारीख. एका पुस्तकाच्या चार प्रती असतील तर दाखल क्रमांकही चार असतात. फॉर्मवर एकच लिहिला की दुसरी प्रत बिनदिक्कत घरी जाते आणि दुसऱ्या दिवशी पालक शाळेच्या दारात. ‘वादग्रस्त पुस्तकं देऊ नयेत’ असं मोघम अजिबात लिहून घेऊ नका. मग वादग्रस्त काय ते किल्लीवाल्या सरांनी ठरवायचं होतं, आणि ते भीतीपोटी निम्मं कपाट बंद ठेवतात. मुदत त्या शैक्षणिक वर्षापुरतीच, ३० एप्रिलला आपोआप संपेल असं खाली छापा.

नोंद देवघेव रजिस्टरमध्येच ठेवा, वेगळी यादी भिंतीवर नको. विद्यार्थ्याच्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं दाखल क्रमांक लिहून त्याला गोल करा. पेन्सिलीनं, कारण पालक माघार घेतात. पुस्तकाच्या पाठीवर लाल टिकली लावायचा मोह टाळा. आठ दिवसांत अख्खी आठवी लाल टिकलीचीच पुस्तकं हुडकायला लागते.

गळती कुठं होते तेही सांगतो. वर्गातल्या वाचनपेटीला रजिस्टर नसतं. वाचन तासिकेत शेजारच्या बाकावरचं पुस्तक कुणी अडवू शकत नाही. म्हणून फॉर्मवरच लिहा: ‘ही नोंद फक्त घरी न्यायच्या पुस्तकांना लागू.’ नाहीतर पाळता न येणारं वचन शाळेच्या गळ्यात पडतं.

कलम_२१:
ठरावाबद्दल. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार समितीत किमान तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या महिला असाव्या लागतात. पण २०१२ च्या दुरुस्तीनंतर अनुदानित शाळेत या समितीचं काम फक्त सल्ला देण्याचं आहे. शिवाय तो कायदा आठवीपर्यंतचा. नववी-दहावीच्या कपाटाला त्याचा आधार घेता येत नाही. त्याच कायद्याच्या परिशिष्टात ग्रंथालयात वर्तमानपत्रं, मासिकं, गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तकं असावीत असं म्हटलंय, हेही बैठकीत वाचून दाखवा.

‘बंदी’ हा शब्द इतिवृत्तात येऊ देऊ नका. पुस्तक जप्त करायचा अधिकार राज्य सरकारला, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९८ खाली (आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ९५). त्याला कारणांसह अधिसूचना लागते आणि तिच्याविरुद्ध दोन महिन्यांत उच्च न्यायालयात जाता येतं. ग्रामसभेत हात वर केले म्हणून बंदी होत नसते.

आणखी एक चूक नेहमीची. वाद मिटावा म्हणून पुस्तक गुपचूप घरी नेऊन ठेवायचं. साठा पडताळणीत ते ‘गहाळ’ निघतं आणि किंमत किल्लीवाल्याच्या माथी. निर्लेखन, म्हणजे नोंदीतून पुस्तक रीतसर कमी करणं, हे फाटलेल्या, वाळवी लागलेल्या, निकामी पुस्तकांचं असतं. न पटलेल्या पुस्तकांचं नसतं.

पारावरची:
फॉर्म ठीक, पण ‘काढूनच टाका’ म्हणणाऱ्यांचं काय? त्यांची तक्रार लेखी घ्या, आवक नंबर टाकून पोच द्या. त्यात पान क्रमांक आणि ‘पुस्तक पूर्ण वाचलं आहे का’ हा रकाना ठेवा. व्हॉट्सॲपवर फिरणारा एका पानाचा फोटो ही तक्रार नव्हे. मग पाच जण बसवा: मुख्याध्यापक, किल्लीवाले सर, आणखी एक शिक्षिका, दोन पालक, त्यातली एक आई. पाचही जणांनी पुस्तक पूर्ण वाचायचं, तीन-चार आठवड्यांत निर्णय लेखी द्यायचा. तोवर पुस्तक कपाटातच राहील. एकदा का ‘तात्पुरतं’ बाजूला काढलं की ते परत येत नाही.

तिन्ही पुस्तकांना एकच माप लावू नका. शिव्या असलेली कादंबरी आठवी-नववीच्या कप्प्यात हलवली तर बिघडत नाही. त्या शिव्या कुणाच्या तोंडी आहेत आणि कशासाठी, ते कळायला वय लागतंच. बुवाबाजीचं जागेवर राहू द्या. वयात येण्याचं मात्र नववीत ढकलू नका, माझा आग्रह आहे. बऱ्याच मुलींना पाळी पाचवी-सहावी-सातवीतच येते. नववीत ते पुस्तक देणं म्हणजे पेरणी झाल्यावर बियाणं वाटणं. पाहिजे तर मुलींनी बाईंकडून आणि मुलांनी सरांकडून घ्यावं, पण घेता यावं.

औसेकर:
पटलं. एक अडचण: आई म्हणते द्या, बाप म्हणतो देऊ नका. मग?

दाखल_क्रमांक:
शाळेनं पंच व्हायचं नाही. दोघांना बोलावून पुस्तक हातात द्या, तिथंच बसून चाळू द्या. तरी जमलं नाही तर लेखी हरकत आहे तोवर घरी नेण्यापुरतं थांबवा. लेकराला शाळेत बसून वाचायला मोकळीक राहतेच, फॉर्मवर आधीच तसं लिहिलंय.