रिसेप्टरविरुद्धच्या ऑटोअँटिबॉडीज: आजाराचे कारण की नुसती खूण?

प्रश्न

माझ्या धाकट्या बहिणीला गेली दोन वर्षे असह्य थकवा येतो आणि उभे राहताच हृदयाचे ठोके वाढून चक्कर येते. नेहमीच्या तपासण्यांत काही सापडले नाही. मात्र एका खासगी प्रयोगशाळेच्या अहवालात ॲड्रेनर्जिक रिसेप्टरांविरुद्धच्या (ॲड्रेनॅलिनसारख्या संप्रेरकांचा निरोप घेणाऱ्या प्रथिनांविरुद्धच्या) ऑटोअँटिबॉडीज, म्हणजे शरीराने स्वतःच्याच घटकांविरुद्ध बनवलेल्या अँटिबॉडीज, वाढल्याचे म्हटले आहे. अँटिबॉडी रिसेप्टरला चिकटते तेव्हा नेमके काय घडते आणि या अहवालावरून आजाराचे कारण सापडले असे मानावे का? अहवाल आल्यापासून तिला फार आशा वाटू लागली आहे, म्हणून जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद १

पहिल्या भागाबद्दल लिहितो. रिसेप्टर हे बाहेरचा निरोप पेशीच्या आत पोहोचवणारे प्रथिन असते आणि त्याला चिकटलेली अँटिबॉडी कोणत्या जागी चिकटते यावर पुढचे सारे अवलंबून असते. ग्रेव्हज या थायरॉइडच्या आजारात ती टीएसएच (थायरॉइडला चेतवणारे पिट्युटरी ग्रंथीचे संप्रेरक) रिसेप्टरला त्या संप्रेरकाप्रमाणेच चेतवते. पिट्युटरी ग्रंथीने टीएसएच जवळजवळ थांबवले तरी थायरॉइड ग्रंथीचे काम वाढलेलेच राहते, कारण संप्रेरकाला असणारा लगाम अँटिबॉडीला नसतो. मायस्थेनिया ग्रॅव्हिस या स्नायू दुर्बळ करणाऱ्या आजारात याच्या उलट घडते: चेतातंतूचा निरोप घेणारे स्नायूवरील ॲसिटिलकोलिन रिसेप्टर अँटिबॉडीमुळे एकमेकांना जोडले जाऊन पेशीत ओढले जातात व नष्ट होतात, शिवाय कॉम्प्लिमेंट या रक्तातील संरक्षक प्रथिनांच्या माऱ्याने तिथला स्नायूचा पृष्ठभागही उद्ध्वस्त होतो. २००७ मध्ये वर्णन झालेल्या एनएमडीए या चेतापेशींवरील रिसेप्टरविरुद्धच्या अँटिबॉडीजमुळे होणाऱ्या मेंदूदाहात रिसेप्टर आत ओढले गेले तरी चेतापेशी बहुतांशी जिवंत राहतात. अत्यवस्थ झालेले रुग्णही त्यामुळे पुष्कळदा सावरतात, ही या विषयातली मला सर्वांत दिलासा देणारी गोष्ट वाटते.

प्रतिसाद २

दुसरा भाग अधिक अवघड आहे. रक्तात अँटिबॉडी असणे आणि तिनेच आजार घडवणे यांत मोठे अंतर असते, आणि ते कसे ओलांडायचे याचे निकष रोगप्रतिकारशास्त्रज्ञ विटेब्स्की यांनी सहकाऱ्यांसह १९५७ मध्येच मांडले होते. मायस्थेनियाच्या बाबतीत पुरावा भक्कम आहे. १९७३ मध्ये विद्युत-ईल माशापासून काढलेले रिसेप्टर टोचल्यावर सशांचे स्नायू दुर्बळ झाले. आजारी आईच्या अँटिबॉडीज वारेतून बाळात उतरल्या तर काही नवजात बाळांतही दुर्बलता दिसते आणि त्या अँटिबॉडीज ओसरल्या की ती जाते. ॲड्रेनर्जिक रिसेप्टरांपैकी बीटा-१ या हृदयावरील प्रकाराच्या बाबतीत हृदयस्नायूच्या एका आजारापुरते प्राण्यांवरील प्रयोग बोलके आहेत, पण उभे राहिल्यावर ठोके वाढण्याच्या आजारात पुराव्यांची अशी साखळी पूर्ण झालेली नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एलायझा या प्रयोगशाळेतील चाचणीच्या पद्धतीने मोजलेल्या या अँटिबॉडीजचे प्रमाण रुग्ण व निरोगी व्यक्ती यांच्यात वेगळे आढळले नाही. एलायझामध्ये प्लेटवर बसवलेला रिसेप्टर आपला नैसर्गिक आकार टिकवून असेलच असे नाही, आणि अँटिबॉडी चिकटली म्हणजे तिने रिसेप्टरचे काम बदलले असेही ठरत नाही. म्हणून ‘वाढलेली’ हा शब्द वाचताना कोणाच्या तुलनेत आणि कोणत्या पद्धतीने, हे प्रयोगशाळेला अवश्य विचारा.

प्रश्नकर्ती

मनापासून आभार. याच अहवालाच्या आधारे तिला प्लाझ्मा (रक्तातील द्रव भाग, ज्यात अँटिबॉडीज असतात) बदलण्याचा उपचार सुचवण्यात आला आहे. तो करावा का?

प्रतिसाद ३

मला स्वतःला मायस्थेनिया आहे आणि तो उपचार मी घेतला आहे. काही दिवसांतच गिळणे सुधारले, पण काही आठवड्यांत त्रास परतला, कारण जुन्या अँटिबॉडीज काढल्या तरी नव्या बनवणाऱ्या पेशी शरीरात राहतातच. रक्तदाब घसरणे, कॅल्शियम कमी होणे, रक्तवाहिनीत घातलेल्या नळीच्या जागी संसर्ग होणे हे धोकेही आहेत. माझ्या बाबतीत रक्ताचा अहवाल, स्नायूंची विद्युत तपासणी आणि लक्षणे ही तिन्ही एकाच दिशेने बोट दाखवत होती, म्हणून ते धोके पत्करणे योग्य होते. तुमच्या बहिणीकडे तूर्त फक्त एक आकडा आहे. आडवे असताना आणि नंतर १० मिनिटे उभे राहून नाडी व रक्तदाब मोजण्याची चाचणी झाली नसेल, तर ती आधी करून घ्या आणि चेतासंस्थेच्या तज्ज्ञांना दोन्ही अहवाल एकत्र दाखवा. तिचा त्रास खरा आहे, हे तिला जरूर सांगा. तो खरा ठरण्यासाठी या अहवालाची गरज नाही.