मदत हवी आहे: चार ट्रॅकच्या जुन्या कॅसेट डिजिटल करताना आवाज दबतोय

आमच्या गटाची जुनी गाणी चार ट्रॅकच्या रेकॉर्डरवर (चार वेगळे आवाज कॅसेटवर शेजारी-शेजारी, एकाच दिशेने घेणारा) केलेली आहेत. तो रेकॉर्डर आता चालत नाही, म्हणून साध्या स्टिरिओ डेकवर वाजवून कॉम्प्युटरवर घेतोय. ट्रॅक 1-2 सरळ येतात, 3-4 कॅसेट उलटवून घ्यायचे आणि सॉफ्टवेअरमध्ये रिव्हर्स करायचे, इथवर जमलंय. रेकॉर्डिंग सेकंदाला 9.5 सेंटिमीटर वेगाचं, डेक 4.76 चा. त्यामुळे 96 किलोहर्ट्झ सॅम्पल रेटवर घेऊन नंतर वेग दुप्पट करतो.

खरी अडचण डीबीएक्सची, म्हणजे टेपची खरखर कमी करायला रेकॉर्ड करताना आवाज दाबणाऱ्या आणि वाजवताना तो परत उलगडाव्या (डीकोड कराव्या) लागणाऱ्या पद्धतीची. डीकोड न केल्यामुळे आवाज दबलेला राहतो आणि हिस्स (टेपची सुसू) गाण्याबरोबर वरखाली होते, झांजेच्या प्रत्येक ठोक्यामागे फुसफुस ऐकू येते. डीकोडिंग वेग दुरुस्त केल्यावरच करायचं ना? सॉफ्टवेअर डीकोडर वापरलाय का कोणी? लेव्हल कशी जुळवलीत?

अ‍ॅझिमथ (टेपला लागणाऱ्या हेडचा कोन) प्रत्येक कॅसेटला कानाने लावतो, मोनो करून तार स्वर सर्वांत स्वच्छ येईपर्यंत. तरीही 3-4 ट्रॅक शेवटाकडे 1-2 च्या मागे पडतात. ताणून जुळवले तर गाण्याचा पोत बिघडेल अशी भीती वाटते. की चालू चार ट्रॅक मशीन मिळेपर्यंत थांबणंच बरं? यातले काही आवाज आता फक्त या टेपवरच आहेत, म्हणून घाई करायची नाहीये.