अ‍ॅक्सेसची फाइल नव्या कॉम्प्युटरवर जुना ड्राइव्ह मागते – उपाय सुचवा

जमाखर्च: मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसचा डेटाबेस दोन फाइलींत आहे, एकीत फॉर्म, दुसरीत टेबलं. जुन्या कॉम्प्युटरवर दोन्ही ई ड्राइव्हवर होत्या. नव्यावर डी ड्राइव्हवर कॉपी केल्या, तर फॉर्म उघडताच 'ड्राइव्हमध्ये डिस्क नाही, ई मध्ये डिस्क घाला' असं येतं. कॅन्सल केलं की एरर 3044 (पत्ता चुकीचा). फाइल बिघडली आहे का? डीचं नाव ई करून टाकू का?

टेबलवाला: बिघाडाचं हे लक्षण नाही, रिपेअरच्या फंदात पडू नका. फॉर्मच्या फाइलीत लिंक केलेलं टेबल दुसऱ्या फाइलीचा पूर्ण पत्ता साठवतं, ड्राइव्हच्या अक्षरासकट. नव्या मशीनवर ई बहुधा कार्ड रीडरच्या रिकाम्या खाचेला मिळालंय, म्हणून डिस्क मागतंय. ई नावाचा ड्राइव्हच नसता तर थेट 3044 आला असता. फोल्डर सापडून फाइल नसेल तर 3024 येतो.

आधी दोन्ही फाइलींची प्रत काढा. टेबलांची फाइल एकटी उघडा. ती नीट उघडली तर डेटा शाबूत आहे. मग फॉर्मची फाइल शिफ्ट दाबून धरून उघडा, म्हणजे सुरुवातीचा फॉर्म आपोआप चालू होणार नाही. 'एक्स्टर्नल डेटा' टॅबमधून लिंक्ड टेबल मॅनेजर उघडा, सगळी टेबलं निवडा, 'रीलिंक' करून डी वरची फाइल दाखवा. जुन्या आवृत्तीत नवी जागा विचारण्याच्या चौकोनात टिक हवीच, नाहीतर तो जुनाच पत्ता रिफ्रेश करत बसतो. नंतर टेबलाच्या नावावर माउस नेला की पत्ता दिसतो, तो तपासा.

अक्षर बदलूनही चालेल, पण पुढच्या मशीनवर हेच रडगाणं.

सर्व्हरकाका: फाइल ऑफिसात चारजण वापरणार असतील तर अक्षराचा नादच सोडा. सर्व्हरवरच्या फोल्डरला ड्राइव्हचं अक्षर दिलं (मॅप केलं) की एकाकडे झेड, दुसऱ्याकडे वाय असं होतंच. अ‍ॅक्सेस 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'ने उघडलं तर मॅप केलेला ड्राइव्ह बहुधा दिसतही नाही. रीलिंक करताना दोन उलट्या तिरक्या रेघा, सर्व्हरचं नाव, शेअरचं नाव असा पत्ता टाइप करा. झेडमधून फाइल निवडलीत तर झेडच साठवला जाईल. टेबलांच्या फोल्डरवर प्रत्येकाला लिहिण्या-पुसण्याची परवानगी द्या, तिथे लॉक फाइल (कोण काय वापरतंय याची नोंद) तयार होते. फॉर्मची फाइल मात्र ज्याची त्याच्या मशीनवर.

जमाखर्च: रीलिंक झालं, फॉर्म चालतात. धन्यवाद! बिलाचा रिपोर्ट मात्र अजून ई मागतो.

टेबलवाला: त्यात लोगो आहे का? डिझाइन व्ह्यूमध्ये चित्र निवडून प्रॉपर्टी शीटवर 'पिक्चर टाइप' बघा. 'लिंक्ड' असेल तर 'एम्बेडेड' करून चित्र पुन्हा निवडा. तसं नसेल तर ऑल्ट आणि एफ 11 दाबून कोडची खिडकी उघडा, कंट्रोल-एफने 'करंट प्रोजेक्ट'भर ई चा पत्ता शोधा. कोडमध्ये कुणीतरी तो हाताने लिहिलेला असणार.