मदत हवी आहे: माळकरी आई-आप्पांना पॅरिसमधल्या गल्लीतल्या वाईन बारमध्ये जेवायला न्यायचंय

निफाडची_लेक

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय उत्तर देता येणार नाही.

मी गेली सहा वर्षं पॅरिसच्या बाराव्या विभागात राहते. आई-आप्पा पहिल्यांदाच येताहेत, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात. मुक्काम फक्त सोळा दिवस, कारण आप्पांना ऑक्टोबर छाटणीच्या तयारीला घरी पोचायचंय. आमची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे, चार एकर थॉमसन. पस्तीस वर्षं आप्पांनी बागेशिवाय दुसरं काही केलेलं नाही. दोघांच्याही गळ्यात तुळशीची माळ आहे. आप्पा आषाढीला पायी जातात. मांस-मासे, अंडं, दारू काही नाही, आणि आई चातुर्मासात कांदा-लसूण आणि वांगंही खात नाही. ते येतील तेव्हा चातुर्मासच असेल.

आमच्या घरापासून पाच मिनिटांवर एक छोटा वाईन बार आहे. बारा-तेरा टेबलं, भिंतीवर छतापर्यंत बाटल्या, प्रत्येक बाटलीच्या गळ्याला खडूने लिहिलेला भाव. बाटली दुकानाच्या भावाने घरी न्यायची, किंवा वर सात युरो देऊन तिथेच उघडून बसायचं. अशा जागेला इथे 'काव्ह आ माँजे' म्हणतात. रोजचे पदार्थ पाटीवर लिहिलेले असतात, छापील मेनू नाही. दर गुरुवारी मी आणि नवरा तिथे जातो. कोविडनंतरच्या त्या एकट्या हिवाळ्यात मला नावाने हाक मारणारं या शहरात तेवढं एकच ठिकाण होतं. मालक स्वतः द्राक्ष उत्पादकांच्या घरातला, लुआर नदीच्या खोऱ्यातल्या शिनोंजवळचा. आयफेल टॉवर आई-आप्पा बघतीलच. पण मी रोज कुठे जाते, कुणाशी बोलते, हे मला त्यांना दाखवायचंय.

भीती वाटते ती एका जुन्या अनुभवामुळे. दोन वर्षांपूर्वी सासूबाई आल्या होत्या तेव्हा आम्ही दुसऱ्याच एका ठिकाणी गेलो होतो. मी स्पष्ट विचारलं, 'सां व्हियांद?' म्हणजे मांसाशिवाय ना? वेटर म्हणाला, हो. कांद्याचं सूप आलं, वर वितळलेलं चीज. सासूबाईंनी तीन-चार चमचे घेतले आणि मग मला शेजारच्या टेबलावर कुणीतरी बीफच्या स्टॉकबद्दल बोलताना ऐकू आलं. विचारलं तर तोच स्टॉक आमच्या सूपमध्ये. सासूबाई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. घरी येऊन त्यांनी अंघोळ केली आणि दुसऱ्या दिवशी दिवसभर काही खाल्लं नाही. ते मी अजून विसरलेली नाही.

म्हणून विचारते. वाईन बारमध्ये चौघांतल्या दोघांनी वाईन घेतली नाही तर ते अपमानास्पद दिसतं का? अंडं, मांसाचा रस्सा, कांदा-लसूण, वांगं, सगळं वगळून तिथे खाण्यासारखं काय उरतं? चीज चालेल असं मी धरून चालले होते, पण तेही खरं का? आणि आप्पांना साडेसातला जेवायची सवय, इथे स्वयंपाकघरच साडेसातला उघडतं. ज्यांनी घरच्या माणसांना असं नेलंय त्यांनी कृपया लिहा.

---

लियॉनवासी

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, काहीच वाटत नाही कुणाला. पाण्याची बाटली घेऊ नका, 'काराफ दो' मागा. नळाचं पाणी, फुकट, आणि जेवणाबरोबर द्यावंच लागतं. 2020 च्या कायद्यानंतर तर ते फुकट मिळतं हे हॉटेलवाल्यांना ग्राहकाला दिसेल असं लिहावं लागतं. वाईनवाल्यांकडे 'ज्यू द रेझँ' म्हणजे द्राक्षाचा रसही बऱ्याचदा असतो, वाईन करणारे शेतकरीच थोडा बाटलीत भरतात. आप्पांना तो द्याच. बिलात सेवा धरलेली असते, त्यामुळे टिपेचं दडपण नको.

तुमच्या 'सां व्हियांद'चा घोटाळा आमच्याकडेही झालाय. इथे 'व्हियांद' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर मांसाचा तुकडा येतो. स्टॉक, चरबी, डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे (लार्दाँ) हे त्यांच्या हिशेबात कित्येकदा मांस नसतंच, चव असते. वेटर खोटं बोलत नाही, त्याला प्रश्नच वेगळा ऐकू येतो. म्हणून एकेक नाव घेऊन विचारायचं: स्टॉक कशाचा, तळण कशात, लार्दाँ आहेत का, अँकोव्ही आहे का. ऑलिव्हच्या तापनादमध्ये अँकोव्ही मासा असतो हे मला चार वर्षांनी कळलं. नैऋत्येकडचे बटाटे बदकाच्या चरबीत परततात. पाना कोताच्या पुडिंगमध्ये जिलेटिन असतं.

---

चीजवाली_आत्या

चीजबद्दल मी लिहिते, कारण यात मी स्वतः चुकले आहे.

इथलं बहुतेक पारंपरिक चीज वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटने विरजतात. त्याला 'प्रेझ्यूर' म्हणतात. काँते, रोकफोर यांसारख्या नावाला संरक्षण असलेल्या चीजमध्ये तर तसं करण्याचा नियमच आहे, दुसरं काही वापरलं तर ते नाव लावता येत नाही. आपल्याकडच्या पाकिटावर हिरवा ठिपका बघून आपण निश्चिंत असतो, ती सवय इथे उपयोगाची नाही. शेळीचं ताजं पांढरं चीज साधं दह्यासारखं दिसतं, पण त्यातही थोडं रेनेट बहुधा असतंच. काही पाकिटांवर 'कोआग्युलाँ मिक्रोबियँ' लिहिलेलं असतं, ते सूक्ष्मजीवांपासूनचं. पण वाईन बारमधल्या लाकडी फळीवर कापून आलेल्या तुकड्याला पाकीट कुठलं? माळकरी माणसांसाठी चीज सरळ सोडून द्या. नंतर कळून हळहळण्यापेक्षा ते बरं.

आता उरतं काय? पाव. इथला 'बागेत त्रादिस्यों' नावाचा लांब पाव 1993 च्या हुकमाने पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट किंवा आंबवण यांवरच चालतो, त्यामुळे निर्धास्त खा. लोणी. आणि 'रादी-बर', म्हणजे कोवळे लाल मुळे, सोबत लोणी आणि जाडं मीठ. माझ्या आईला तेच सगळ्यात आवडलं. मुळ्याला लोणी लावून, मिठात टेकवून खायचं. पाटीवर नसलं तरी मालक ओळखीचा असेल तर देतो. सप्टेंबरमध्ये टोमॅटो चांगले असतात, नुसतं तेल-मीठ घालून मागा. ग्रातँ दोफिन्वा म्हणजे साय-दुधात भाजलेले बटाटे, अस्सल कृतीत चीज नाही, पण भांड्याला लसूण चोळतात, आईंसाठी तेवढं विचारा. 'व्हिनेग्रेत' म्हणजे सॅलडवर घालायच्या तेल-सिरक्यात बऱ्याचदा बारीक शालोट असतात, म्हणजे कांदाच. रातातुई वांग्यामुळे बाद.

आणि दुपारी बाजारातून 'शासला द म्वासाक' द्राक्षं आणून ठेवा. लहान, सोनेरी, पातळ सालीची, बियांची. खायची द्राक्षं आहेत ती, वाईनची नाहीत. बागायतदाराला ती दाखवायलाच हवीत.

---

देहूकर

सगळ्यांनी खाण्यापिण्याचं सांगितलं. मी एकच विचारतो, रागावू नकोस. आप्पांना विचारलंस का? शेजारच्या टेबलावर डुकराच्या मांसाची फळी आणि सगळीकडे दारू, अशा जागी बसायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं. माझे वडीलही माळकरी होते. ते माझ्यासाठी कुठेही आले असते, पण मी विचारलं नाही तर 'नको' म्हणण्याची संधीच त्यांना मिळाली नसती. एकादशी कधी येते तेही बघून ठेव.

---

निफाडची_लेक

देहूकर दादा, रागावण्यासारखं काहीच नाही. खरंच विचारलं नव्हतं. मीच सगळं ठरवून टाकलं होतं.

काल फोनवर आप्पांना सगळं नीट सांगितलं, दारू असते, मांस असतं, आपल्या ताटात येणार नाही पण दिसेल. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दिंडोरीला वायनरीवाल्यांच्या बागा बघायला मी जात नाही का? बसल्यानं माळ तुटत नाही. त्या माणसाची द्राक्षं कुठल्या खुंटावर आहेत, ते विचारून ठेव." (खुंट म्हणजे ज्या मुळावर द्राक्षाची वेल कलम करतात ते.) आई म्हणाली, लोक बाटल्या समोर ठेवून मोठ्याने बोलतात का? मी म्हटलं, हो, पण भांडत नाहीत. मग ती पण हो म्हणाली.

मालकाशीही बोलून आले. शुक्रवार-शनिवार गर्दी असते, मंगळवारी साडेसहाला या म्हणाला. स्वयंपाकी तेव्हा आलेला असतो, फक्त ऑर्डर घेत नाही. तो घेईल. मी सगळी यादी फ्रेंचमध्ये कागदावर लिहून दिली, रेनेटसकट. त्याने दोनदा वाचली आणि विचारलं, भाजी कापायची सुरी-फळी वेगळी ठेवू का? हे मला सुचलंही नव्हतं.

---

भटकभवानी

आप्पांना बागही दाखवा ना. पॅरिसमध्येच मोंमार्त्रच्या उतारावर द्राक्षबाग आहे, 1933 साली लावलेली. कुंपणाबाहेरून सहज दिसते. जॉर्ज ब्रासाँस पार्कातही आहे. आणि एक दिवस काढता आला तर गार द लेस्तहून एपर्नेची गाडी, सव्वा तासाच्या आसपास. शॅम्पेनच्या बागा गावाला लागूनच आहेत. तिथे तोडणी हातानेच करायचा नियम आहे, सप्टेंबरमध्ये माणसं ओळीत दिसण्याची बरीच शक्यता आहे. आलिग्र बाजारात शासला मिळेल, तुमच्या जवळच आहे. सोमवारी बंद असतो.

---

निफाडची_लेक

तुम्हा सगळ्यांचे आभार मानायला आणि काय झालं ते सांगायला आले.

मंगळवारी गेलो. बाहेर लख्ख ऊन होतं, आईला वाटलं आपण चहाच्या वेळेलाच जेवतोय. मालकाने कोपऱ्यातलं टेबल ठेवलं होतं, त्याच्या आजूबाजूची दोन मोकळी. टेबलावर पाव, लोणी, मुळे. ताटलीत टोमॅटो, उकडलेल्या हिरव्या शेंगा, लसणाशिवाय भाजलेलं ग्रातँ. आईने मुळा लोण्यात बुडवून खाल्ला आणि म्हणाली, "हे आपण कधी का नाही केलं?" आत्या, तुमचे उपकार.

आप्पांना द्राक्षाचा रस दिला. त्यांनी घोट घेतला, जिभेवर ठेवला आणि म्हणाले, बावीस-तेवीस ब्रिक्स असेल (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप). मी ते मालकाला सांगितलं. तो पहिल्यांदाच आमच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसला.

पुढचा तासभर मी जेवले नाही, नुसती दोघांच्या मधे बोलत होते. त्याने भावाच्या बागेचे फोटो काढले. कमरेइतक्या उंचीची झाडं, एकमेकांना खेटून. आप्पा म्हणाले, आमच्याकडे नऊ बाय पाच फुटांवर, एकरी साडेनऊशेच्या वर, वाय आकाराच्या मांडवावर, डोक्याएवढी. वर्षातून दोनदा छाटतो, एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला फळ छाटणी. दोनदा हे मालकाला पटेचना. त्यांच्याकडे थंडीत झाड झोपतं तेव्हा एकदाच. आमच्याकडे झोपतच नाही, आप्पा म्हणाले, आम्हीच त्याला झोपवतो आणि उठवतो.

मग एका फोटोत पानावर तेलकट पिवळे डाग होते. आप्पांनी बोट ठेवलं. "डाऊनी." म्हणजे द्राक्षाच्या पानांवरचा रोग. मी फ्रेंच शब्द आठवेपर्यंत मालकच म्हणाला, "मिल्दियू." मग त्याने हाताने फवारल्यासारखं केलं आणि म्हणाला, "बुयी बोर्दलेझ." आप्पा माझ्याकडे न बघताच म्हणाले, "बोर्डो! मोरचूद आणि चुना." हे मला भाषांतर करावंच लागलं नाही. मी लहानपणापासून आमच्या शेडमधली ती निळी पिंपं बघत आलेय, बोर्डो मिश्रण हा शब्द रोज ऐकलाय. तो याच देशातल्या बोर्दो शहराचा आहे हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मालकाने सांगितलं की 1880 च्या दशकात मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाला दिसलं, रस्त्याकडेच्या ज्या वेलींवर चोरांनी हात लावू नये म्हणून निळं काहीतरी शिंपडलं होतं, त्यांचीच पानं टिकली होती. आप्पांनी ही गोष्ट मला दोनदा सांगायला लावली. खुंटाचंही निघालं. त्यांची वेलही अमेरिकी खुंटावर कलम केलेली, आमच्या बागेतला डॉगरीज खुंटही तिकडचाच.

निघताना नवऱ्याच्या ग्लासात घोटभर वाईन उरली होती. आप्पांनी ग्लास हातात घेतला, उजेडात रंग बघितला आणि परत खाली ठेवला. मालकानेही आग्रह केला नाही. बिल देताना कळलं, त्याने रसाचे पैसे लावलेच नव्हते.

एपर्नेला परवा जातोय.

आता एक नवीन मदत. मालकाने आप्पांना त्याची छाटणीची कात्री हातात धरायला दिली, आणि आता आप्पांना तशीच एक ऑक्टोबर छाटणीआधी घरी न्यायचीय. चेक-इन बॅगेतच टाकणार आहोत, पण मुंबईला कस्टममध्ये नव्या अवजाराचं काही विचारतात का? आणि बाराव्या विभागाच्या आसपास शेतीच्या अवजारांचं साधं दुकान कुणाला माहीत आहे का?