मदत हवी आहे: उजनीत घरची मोटारबोट, कागदपत्रं कशी करायची?
नमस्कार मंडळी. करमाळ्याच्या मामांनी जुनी फायबरची बोट घेतलीय, मागे लावायच्या पेट्रोल इंजिनासकट. धंदा नाही, घरच्यांना घेऊन उजनीत फ्लेमिंगो बघायला जायचं, एवढंच. विकणारा म्हणतो, "घरच्या बोटीला कसले कागद?" मला काही ते पटत नाही. 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात इंजिनाच्या बोटीला सर्वेक्षण आणि नोंदणी दोन्ही आहे, आणि आपल्याकडे ते काम महाराष्ट्र सागरी मंडळाचं, इथवर समजलं. पण सर्व्हेअर धरणावर येतो, की बोट टेम्पोत घालून न्यायची? जलसंपदा विभागाची परवानगी आधी की नंतर? मामांना चालवायचा परवाना लागेल का? इंजिनाचं मूळ बिलही नाही, नंबर तेवढा प्लेटवर अर्धवट वाचता येतो. 2024 मध्ये कुगावहून कळाशीला जाताना बोट उलटून सहा जण गेले, म्हणून लाइफ जॅकेटं मात्र आधीच आणलीत. सोलापूर भागात कुणी हे केलं असेल तर सांगा.