प्रतिसाद: हेड बोल्टला ९० अंश कशासाठी?

वर प्रश्न आलाय की इंजिनाचं हेड ब्लॉकला आवळून धरणारे हेड बोल्ट आधी ४० न्यूटन-मीटरने आवळून मग ९० अंश फिरवण्यापेक्षा सरळ ८०-९० न्यूटन-मीटर का लावू नये? कारण पान्यावर दिसणारा टॉर्क (पिळण्याचा जोर) बहुतेक घर्षणातच जातो. ढोबळमानाने निम्मा बोल्टच्या डोक्याखाली, चाळीसेक टक्के आट्यांमध्ये. प्रत्यक्ष ताण द्यायला उरतात जेमतेम दहा टक्के. म्हणजे आटे कोरडे की तेलकट, एवढ्यानेच आकडा तोच राहून पकड बरीच बदलते.

कोनाचं गणित मात्र आट्यांवर चालतं. एम१० (१० मिमी जाडीच्या) बोल्टची पिच, म्हणजे एका पूर्ण फेरीत सरकण्याचं अंतर, १.५ मिमी; म्हणून ९० अंशांत ०.३७५ मिमी सरक. त्यातला काही भाग गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधली सील) आणि हेड दबण्यात जातो, उरलेल्यात बोल्ट ताणला जातो. पहिला टॉर्क फक्त फटी मिटवण्यासाठी असतो. तो चुकला तर पुढचे अंश चुकीच्या जागेपासून मोजले जातात.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे ब्लॉकच्या बंद भोकात साचलेलं तेल किंवा कूलंट. ते दाबलं जात नाही. पाना जड लागतो, पकड येत नाही, प्रसंगी ब्लॉकला चीर जाते. आधी हवेने भोक कोरडं करा. तेल लावायचं ते मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तर, आणि तेही आट्यांना व डोक्याखाली बोटाने पातळसं.

अंदाजाने ९० अंश नको. डोक्यावर पेंटची रेघ मारा, मधून बाहेर या क्रमाने जा. यील्डपर्यंत (कायमचे लांबण्याच्या हद्दीपर्यंत) ताणले जाणारे बोल्ट पुन्हा वापरायचे की नाही, हे मॅन्युअलच ठरवतं. कमाल लांबी दिली असेल तर व्हर्नियरने मोजा. आणि शेवटी ‘खात्रीसाठी’ क्लिक पाना (ठरवलेल्या टॉर्कला ‘टक’ वाजणारा) लावू नका, त्यातून काही कळत नाही.